दारू सुटते हो, संध्याकाळचे सात सुटत नाहीत

मी दारू अकरा वेळा सोडली. बाराव्यांदा सोडली ती अजून सुटलेली आहे, सहा वर्षं होऊन गेली. म्हणजे सोडायचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे असं म्हणायला हरकत नाही. पहिल्या अकरा वेळी मी काय चुकत होते ते मला खूप उशिरा कळलं. मी दरवेळी बाटली काढून टाकायची आणि बाटलीच्या जागी काहीच ठेवायचे नाही. दिवस जायचा, कामात निघून जायचा, पण संध्याकाळचे सात वाजले की घरात एक भोक पडल्यासारखं व्हायचं आणि त्या भोकात मी कधी तिसऱ्या दिवशी, कधी चाळिसाव्या दिवशी पडायचेच. म्हणून हे जे लिहितेय ते सोडायचं कसं यापेक्षा सोडल्यावर त्या सात ते अकराचं करायचं काय याबद्दल जास्त आहे. मी दारूबद्दल बोलणार कारण मला तेच माहितीये, पण गोळ्या, गांजा, तंबाखू, जुगार, ज्याचं जे असेल त्यानं तिथं ते वाचावं, बरंचसं लागू पडतं. जिथं पडत नाही तिथं मी तसं सांगेन.

आधी एक पटकन. "मी व्यसनी आहे का" या प्रश्नावर लोक वर्षं घालवतात. डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारतात. कमी करायला पाहिजे असं कधी वाटलं का, कोणी पिण्यावरून बोललं की चिडचिड होते का, पिण्याबद्दल अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली का, म्हणजे आपला तो उतारा. चारातले दोन हो आले तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झालीये, एवढंच. माझे चारही हो होते आणि तरी मी दोन वर्षं "माझं तसं नाहीये, मी तर नोकरी करते, बिलं वेळेवर भरते" हेच घोकत होते. शिवाय बाई असल्यामुळे कोणाला संशयच येत नाही, मी स्टीलच्या ग्लासात प्यायचे म्हणजे आत काय आहे ते दिसत नाही, आणि घरातले म्हणायचे हिला पाणी भरपूर लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी मस्करी करणार नाही. तुम्ही रोज आणि भरपूर पीत असाल तर एका दिवसात, घरच्या घरी, एकट्यानं बंद करू नका. लोकांना वाटतं दारू प्यायल्यानं माणूस मरतो, पण रोजची दारू अचानक तोडल्यानंसुद्धा मरू शकतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू वर्षानुवर्षं त्या दाबाविरुद्ध जोर लावून बसलेला असतो, आणि तुम्ही एकदम हात काढला की तो उसळतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, किडे अंगावर चालतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि ही इमर्जन्सी आहे, वाट बघत बसायचं नाही, अंगात आलंय म्हणून अंगारे-धुपारे करायचे नाहीत, सरळ हॉस्पिटल. आधी कधी फिट आलेली असेल, आधी असा भ्रम झालेला असेल, किंवा सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील तर तुम्ही ॲडमिट होऊनच सोडायची, यात हिरोगिरी नको. माझ्या पाचव्या वेळेला मला बाथरूममध्ये फिट आली होती, दात ओठात घुसला, त्याची खूण अजून आहे.

डॉक्टर काय करतात तर काही दिवस एक शांत करणारं औषध देतात आणि ते पायरी पायरीनं कमी करत आणतात, आणि बी१ म्हणजे थायमिन देतात, बऱ्याचदा इंजेक्शननं. हे थायमिन फालतू वाटतं पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं, आणि ते संपलं की मेंदूला, स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून नाही म्हणू नका. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. सगळे अर्धा सांगतात, मीही सांगितला, आणि मग औषध कमी पडलं.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचं, म्हणजे बेंझो ज्यांना म्हणतात त्यांचंही असंच आहे, एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, त्या कमी करायला आठवडे, कधी महिने लागतात. अफूच्या जातीतल्या नशेचं, हेरॉईन वगैरे, वेगळं आहे. ती तोडताना माणसाला मरण बरं असं वाटतं पण सहसा तोडल्यानं जीव जात नाही. जीव जातो तो नंतर. महिनाभर बंद ठेवली की शरीराची सवय उतरते, आणि मग एका वाईट रात्री माणूस जुनाच डोस घेतो, आणि तो जुना डोस आता त्याला झेपत नाही, श्वास थांबतो. रिहॅबमधून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच फार धोक्याचे असतात. घरात असं कोणी असेल तर नॅलॉक्सोनबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा, त्यानं थांबत चाललेला श्वास परत येऊ शकतो. आणि मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूच्या नशेवरची औषधं, चालू असलेल्या माणसाला "ही पण नशाच की" असं म्हणून त्याची गोळी बंद करायला लावू नका, ते औषध त्याला जिवंत ठेवतंय. तंबाखूला यातलं काही नाही, पहिले काही दिवस डोकं फिरतं, दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं, निकोटिनचं गम किंवा पॅच घेतला तर सोपं जातं आणि तो घेणं म्हणजे चीटिंग नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर. दारूसाठी मुख्यतः तीन औषधं ऐकायला मिळतील. नाल्ट्रेक्सोननं पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते, ॲकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची आतली बेचैनी कमी करतं असं धरतात, आणि तिसरं डायसल्फिराम. हे तिसरं दारूवर वापरता येईल हे १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आलं. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर दारू शरीरात अर्धवट मोडते, ॲसिटाल्डिहाइड साठतं, आणि तोंड लालेलाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, असा भयंकर प्रकार होतो. ज्याला स्वतःला सोडायचीये आणि जो समजून उमजून सकाळी घेतो त्याला याचा उपयोग होतो, कारण मग दिवसभर "प्यावी का" हा वादच मनात उरत नाही. पण घरचे लोक ते जेवणात कालवून चोरून देतात, आणि तसल्या जाहिरातीही असतात की त्याला न सांगता दारू सोडवा. कृपा करून हे करू नका. त्या माणसाला माहीतच नसतं, तो नेहमीसारखा पितो, आणि हार्ट कमजोर असलेला असेल तर जाऊ शकतो. आणि वाचला तर घरच्या ताटावरचा विश्वास जातो तो कायमचा.

बरं, पहिला आठवडा पार पडला, हात थांबले. आता घर साफ करायचं, आणि हे स्वतः एकट्यानं नको, कोणालातरी बरोबर घ्या, कारण आपण एक बाटली विसरतो. मी दरवेळी एक विसरायचे, रजईच्या आत. खरंच विसरायचे का ते मलाही सांगता येणार नाही. फोनमधले डिलिव्हरीवाले नंबर, ज्या ग्रुपवर शुक्रवारी दुपारपासून "कुठे बसायचं" सुरू होतं ते ग्रुप, सगळं उडवा. बॅलन्स हातात ठेवून चालणार नसेल तर पगार आला की कोणातरी भरवशाच्या माणसाकडे वळवा, जुगाराचं व्यसन असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, दारूपेक्षा आधी.

मग तलफ. तलफ म्हणजे मोठा राक्षस असं वाटतं, मला वाटायचं की ही आता वाढत वाढत जाणार आणि मी फुटणार, तेव्हा आत्ताच प्यालेलं बरं. तसं होत नाही. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, बहुतेक वेळा १५-२० मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात. ॲलन मार्लट नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी याला लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली, लाटेशी मारामारी करायची नाही, तिच्यावर तरंगत राहायचं, ती किनाऱ्याला जाऊन आपोआप फुटते. मी काय करायचे तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायचे, ७ वाजून १० मिनिटं, तलफ आली, छातीत आवळतंय, तोंडाला पाणी, दहापैकी आठ. पाच मिनिटांनी परत लिहायचं. पहिल्या आठवड्यातली ती वही माझ्याकडे आहे, आठ, नऊ, नऊ, सात, पाच, तीन. एकदा स्वतःच्या हातानं लिहिलेला तो उतार बघितला की पुढच्या वेळी "ही संपणार नाही" हे खोटं मनाला विकता येत नाही.

आणि तलफ आली की आधी चार गोष्टी तपासा. भूक लागलीये का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का. ही चौकडी या वाटेवरच्या लोकांत जुनी आहे आणि मला ती सुरुवातीला बालिश वाटली होती. पण माझ्या निम्म्या तरी तलफा निव्वळ भुकेच्या निघाल्या. दुपारी धड खाल्लेलं नसायचं, सहाला साखर उतरायची आणि मेंदूला त्यावर एकच उपाय माहीत होता. साडेसहाला पोटभर खायला लागले तेव्हा सातचा डंख अर्धा झाला.

आता मुख्य मुद्दा, संध्याकाळ.

हिशोब करून बघा. मी रोज साधारण सात ते अकरा प्यायचे, म्हणजे चार तास. वर्षाचे झाले १४६० तास. त्यात आणायला जाणं, लपवणं, सकाळची डोकेदुखी, कोणाला काय खोटं सांगितलं ते लक्षात ठेवणं हे धरलेलंच नाही. एखाद्या पूर्णवेळ नोकरीच्या तीन चतुर्थांश होईल एवढं काम मी करत होते आणि एका सकाळी त्या नोकरीचा राजीनामा दिला, आता त्या वेळात काय? "मन रमवा, छंद जोपासा" असं सगळे म्हणतात, आणि सांगणाऱ्याला कधी रिकामी संध्याकाळ पडलेली नसते. छंद जोपासायला मन लागतं, आणि पहिल्या काही महिन्यांत मन जागेवर नसतं. हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर माझ्या तीन-चार वेळा वाचल्या असत्या. दारूनं मेंदूतली आनंदाची यंत्रणा इतकी वर्षं फुल व्हॉल्यूमवर चालवलेली असते की मेंदूनं स्वतःचा आवाज बारीक करून घेतलेला असतो, त्यामुळे दारू गेली की गाणं, सिनेमा, फिरणं, मित्र, सगळं फिकट, पाणचट. माणसाला वाटतं सोबर आयुष्य हे असंच, राखेसारखं, मग जगायचं कशाला. हे तात्पुरतं असतं. हळूहळू, आठवड्यांत आणि महिन्यांत, आवाज परत वाढतो. झोपही अशीच उशिरा येते लाईनवर. उदासी मात्र दोन-तीन आठवड्यांनंतरही तशीच बसून राहिली, किंवा जीव द्यावासा वाटायला लागलं, तर ते "नॉर्मल आहे" म्हणून सहन करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा घरातल्या कोणाला तरी सांगा, डिप्रेशन हा वेगळा आजार असू शकतो आणि त्याला वेगळं औषध आहे.

म्हणून सुरुवातीला आवड-नावड विचारूच नका स्वतःला. संध्याकाळ भरायची ती तीन गोष्टी बघून. एक, हात गुंतले पाहिजेत. दोन, तुमची कोणीतरी वाट बघत असलं पाहिजे, म्हणजे नाही गेलात तर फोन येईल. तीन, ते सातच्या आधी सुरू झालं पाहिजे, सातला नाही. सातला तुम्ही आधीच कशात तरी अडकलेले पाहिजे. मी काय केलं तर ओळखीतल्या एका आजोबांना वाचून दाखवायला जायला लागले, त्यांना दिसत नव्हतं. साडेसहा ते आठ. मला वाचनाची काडीची हौस नव्हती आणि ते निवडायचे ते सगळं कंटाळवाणं, शेअर बाजार आणि राजकारण. पण ते साडेसहाला दार उघडून बसलेले असायचे. एक दिवस गेले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारलं, काल काय झालं? त्या "काल काय झालं"नं मला जेवढं धरून ठेवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं नाही. तुमचं वेगळं असेल, कोणाला पोरांना गणित शिकवणं, कोणाला सायकल दुरुस्ती शिकणं, कोणाला भटक्या कुत्र्यांना औषध घालणं. जिम चांगली, पण जिमला तुमची वाट बघणारं कोणी नसतं, म्हणून पार्टनर घेऊन जा.

किती दिवस करायचं? २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकायला मिळतं, ते मनावर घेऊ नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० साली छापून आला, त्यात नवी साधी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. आणि ते तर रोज फळ खाणं, फिरायला जाणं असल्या सवयी होत्या. तेव्हा बाविसाव्या दिवशी अजून जड जातंय म्हणून स्वतःला शिव्या घालू नका. त्याच अभ्यासात एक दिलासा पण होता, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही.

जागा आणि वेळ बदलल्यानं किती फरक पडतो यावर एक जुना किस्सा आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक तिथं हेरॉईनला लागले होते, सरकारला धास्ती की ही सगळी फौज व्यसनी होऊन घरी येणार. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. जे तिथं व्यसनी झाले होते त्यातले जेमतेम ५ टक्के लोक घरी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. लोकांना आधी पटेचना. ती जागा, ती माणसं, ती भीती, तो कंटाळा, सगळं मागं राहिलं होतं. आता याचा अर्थ गाव बदला असा नाही, आपलं घर तर आपलं युद्धही असतं आणि ते कुठं मागं राहणार. पण ज्या खुर्चीत बसून प्यायचात ती खुर्ची तरी हलवता येते. मी माझी खिडकीजवळची खुर्ची देऊन टाकली. नवऱ्याला वाटलं मला वेड लागलं. घरी यायचा रस्ता बदलला, अकरा मिनिटं जास्त लागतात, अजून त्याच रस्त्यानं येते.

माणसांबद्दल. हे एकट्यानं होतं का, होतं, असे लोक आहेत. माझं झालं नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायला चालवलेले गट, त्यांची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. मे १९३५, बिल विल्सन नावाचा माणूस, दारू सोडून काही महिनेच झालेले, धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन गावात आलेला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. म्हणजे भूक सोडली तर वरची चौकडी पूर्ण. तो बारमध्ये न जाता टेलिफोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला, मला कोणीतरी दारुड्या गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याला बॉब स्मिथ नावाचे डॉक्टर भेटले, जे तेव्हा भयंकर पीत होते. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आले ते तासन्‌तास बोलत बसले. इथं एक बारकावा लक्षात घ्या, बिल त्यांना सुधारायला गेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा पाहिजे होता.

त्यांच्या मीटिंगला पहिल्यांदा जायला मला तीन फेऱ्या लागल्या, दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. आत फार काही होत नाही हो, लोक बसतात, एकेक जण बोलतो, तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज ऐकते" म्हणायचं. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. देवाचा उल्लेख येतो आणि काहींना ते खटकतं, मलाही खटकायचं, मी मनातल्या मनात देवाच्या जागी "ही खोली" असं म्हणायचे आणि चालून गेलं. ज्यांना बिलकुल नको त्यांच्यासाठी देवाचं नाव न घेता चालणारे गट आहेत, काउन्सेलर आहेत, ऑनलाइन मीटिंगा आहेत. बायकांनी शक्य असेल तर बायकांच्याच मीटिंगला जावं, काही गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत तोंडातून. एकच गट नाही पटला म्हणून सगळंच बेकार ठरवू नका, तीन-चार ठिकाणी बसून बघा. आणि एक माणूस असा ठेवा ज्याला रात्री साडेदहाला फोन केला तर तो उपदेश करणार नाही, फक्त "कुठे आहेस, काय खाल्लंस" विचारेल.

घरच्यांचं काय. तुम्हाला वाटतं आपण सोडली, आता सगळे खूश होतील. ते होत नाहीत, लगेच तरी. माझी मुलगी तेव्हा चौदाची, मी चाळीस दिवस सोबर होते आणि ती अजून माझ्या ग्लासचा वास घ्यायची, येता जाता, सहज केल्यासारखं. मला इतका राग यायचा. मग एकदा मीच ग्लास तिच्यापुढे धरायला लागले, न बोलता. सातेक महिन्यांनी एक दिवस तिनं वास न घेता त्यातलं पाणी पिऊन टाकलं. विश्वास मागून मिळत नाही, त्याला लागतो तेवढा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात तुम्ही काय करायचं तर लहान लहान गोष्टी सांगितल्या वेळेला करायच्या. सहाला येते म्हटलं तर सहाला. मोठमोठ्या माफ्या पहिल्या महिन्यात मागत सुटू नका, तुम्ही त्या भरपूर मागून झालेल्या असतात आणि समोरच्याला पाठ झालेल्या असतात. पैसे घेतलेत तर वही करा आणि थोडे थोडे फेडा. आणि जिथं तुमच्या कबुलीनं दुसऱ्याचं आयुष्य विस्कटणार असेल तिथं स्वतःचं मन हलकं करायला कबुली देऊ नका.

घरातल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी दोनच ओळी. बॉससमोर खोटं बोलणं, उधारी फेडणं, उलटी पुसणं बंद करा, पण जेवलास का विचारणं बंद करू नका. आणि तुमच्यासाठीही गट असतात, अल-अनॉन नावाचे, १९५१ पासून चालतात, तो माणूस सोडो न सोडो, तुम्ही जाऊ शकता.

आता घसरण्याबद्दल, कारण बरेच जण घसरतात. एक पेग घेतला गेला, इथपर्यंत ते प्रकरण लहान असतं. त्याचं मोठं होतं ते पुढच्या वाक्यानं, "झालंच आता, सगळं पाण्यात गेलं, मग संपवूनच टाकू." माझ्या अकरापैकी किमान सात वेळा मला त्या पहिल्या ग्लासपेक्षा या वाक्यानं पाडलं. मार्लटनी यावरही काम केलंय, एका चुकीनंतर माणूस स्वतःला जितका नालायक ठरवतो तितका तो जास्त पितो. तेव्हा घसरलात तर काय करायचं ते आत्ता, शुद्धीत असताना, कागदावर लिहून पाकिटात ठेवा. माझ्या कागदावर होतं: ग्लास खाली ठेव. उरलेली ओतून दे. मैत्रिणीला फोन कर, आत्ता, उद्या नाही. खा. झोप. उद्याची मीटिंग चुकवू नकोस आणि तिथं खरं सांग. बस. आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट भरवू नका, फक्त मागच्या तीन दिवसांत काय काय झालं ते शोधा, कारण ग्लास हातात यायच्या आधी घसरणं सुरू झालेलं असतं, कुठंतरी मीटिंग चुकलेली असते, जेवण चुकलेलं असतं, एखाद्या जुन्या मित्राचा मेसेज आलेला असतो आणि तो डिलीट केलेला नसतो. बिलला भेटल्यावर तेच डॉक्टर बॉब काही आठवड्यांतच एका परिषदेला गेले आणि तिथं धडाधड पिऊन आले. परतल्यावर १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस आपला वाढदिवस तोच धरते. मात्र रोज भरपूर पिणं परत सुरू झालं असेल तर वर सांगितलेलं फिटचं सगळं परत लागू होतं, परत डॉक्टर, परत हळूहळू.

व्यसन एका दारातून जातं आणि दुसऱ्यातून यायला बघतं, यावर लक्ष असू द्या. गोड खावंसं वाटणं चालतं, पहिल्या वर्षी त्यावर कोणाला बोलू देऊ नका. ऑनलाइन शॉपिंग, मोबाईलवर पैसे लावायचे गेम, बारा-बारा तास ऑफिस, हे मात्र बघा. मी तिसऱ्या वर्षी कामात इतकी घुसले की नवरा म्हणाला, दारूत होतीस तेव्हा निदान रविवारी घरी तरी असायचीस.

आणि पार्ट्या. पहिले सहा महिने जाऊच नका, कोणी मरत नाही. नंतर जायचं तर स्वतःच्या गाडीनं किंवा परतीची सोय आधी करून, पोटभर खाऊन, आणि दारातून आत शिरल्या शिरल्या हातात काहीतरी घ्या, सोडा, पाणी, काहीही, कारण रिकामा हात दिसला की यजमानाला चैन पडत नाही. "का नाही घेत" याला लांबण लावायची नाही. "डॉक्टरांनी बंद केलीये", "गोळ्या चालू आहेत", "मी घेत नाही", जे जिभेवर सोपं बसतं ते आधी घरी मोठ्यानं म्हणून बघा. मी आरशापुढे म्हणायचे आणि मला हसू यायचं. तिसऱ्यांदा आग्रह करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पिण्याबद्दल अस्वस्थ असतो, त्याच्याशी वाद घालू नका, जागा बदला. ग्लास खाली ठेवून कुठे गेलात तर परत आल्यावर तो उचलायचा नाही, नवीन घ्यायचा, मी एकदा दुसऱ्याचा व्होडका-सोडा चुकून तोंडाला लावला होता, थुंकला आणि गच्चीत जाऊन मैत्रिणीला फोन केला, हात कापत होते. आणि निघायची वेळ आधीच ठरवा. माझी पावणेनऊ. पावणेनऊला मी चपला शोधायला लागते, मग गाणं कितीही रंगात असो, आणि आता आमच्या ग्रुपमध्ये पावणेनऊ झाले की कोणीतरी न सांगता माझी पर्स आणून देतं.